हातात सात लाख, सिबिल कोरा: गुंतवणुकीची पहिली जागा घेताना

रविवारी सकाळी बस येते. जाणं-येणं फुकट, वाटेत वडापाव आणि चहा, पुढे चुन्याने आखलेले प्लॉट आणि बांबूला बांधलेल्या पताका. ‘दोन गुंठे, आठ लाख, आज बुकिंग केलंत तर पन्नास हजार कमी.’ माझी जागेच्या व्यवहारातली सुरुवात अशाच एका बसने झाली. उन्हात उभं राहून मी ५१ हजारांचं टोकन दिलं आणि घरी येऊन सातबारा उघडला. भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या रकान्यात १७ नावं, इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा. जमीन शेतीची, आणि मी शेतकरी नाही. म्हणजे कुळकायद्यातल्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती माझ्या नावावर होणंच शक्य नव्हतं. वर्षभर फेऱ्या मारून ३५ हजार परत आले. उरलेले १६ हजार मी शिकवणीची फी धरतो.

नंतर चाकणच्या बाजूला एक छोटा जुना वन बीएचके घेतला. पगार बेताचा होता आणि बँकेच्या लेखी मी कोणीच नव्हतो. त्या अनुभवावर आणि पुढे मित्रांच्या चार-पाच व्यवहारांत धावाधाव केली त्यावर हा लेख आहे. लेखात पुणे परिसराचा हिशेब धरलाय. तुमचं गाव दुसरं असेल तर आकडे बदलतील, पण पायऱ्या याच राहतील.

आधी एक कटू गोष्ट: भाड्यात हप्ता बसत नाही

‘कर्ज काढा, भाडेकरू हप्ता फेडेल’ हे वाक्य व्हिडिओंमधून फार ऐकू येतं. आपल्याकडच्या फ्लॅटला ते लागू होत नाही. सरळ मांडून बघू.

समजा फ्लॅटची किंमत २० लाख आहे आणि बँकेने ८० टक्के, म्हणजे १६ लाख दिले. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला ९० टक्क्यांपर्यंत मुभा आहे, पण जुन्या इमारतीला बँक सहसा तेवढं देत नाही. शिवाय टक्केवारी धरताना बँक स्वतःचं मूल्यांकन आणि तुमची करारातली किंमत यांतली कमी रक्कम घेते. घरचे ४ लाख इथे गेले.

त्यावर मुद्रांक शुल्क. पुणे शहरात ७ टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. इथे २० हजार. एजंट २ टक्के मागतो, म्हणजे ४० हजार. वकिलाचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) आणि बँकेची प्रोसेसिंग फी मिळून २० हजार धरा. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. रंग, नळ, वायरिंग, एखादं दार यांना ५० हजार लागतातच. ही बेरीज २ लाख ९५ हजारांवर जाते, आणि यातलं मुद्रांक शुल्क व नोंदणी बँक कर्जात धरत नाही. म्हणजे स्वतःच्या खिशातून ७ लाख. नवखा माणूस ४ लाख जमवून ‘डाऊन पेमेंट तयार आहे’ म्हणतो आणि उरलेल्या तीन लाखांसाठी पर्सनल लोन काढतो. गाडी तिथेच रुतते.

आता महिन्याचं बघा. १६ लाख, ९ टक्के, २० वर्षे. हप्ता साधारण १४,४००. व्याजदर कमी मिळाला तर आनंदच, पण हिशेब चढाच धरावा. अशा फ्लॅटला भाडं ७,५०० आलं, वर्षातला एक महिना तो रिकामा राहिला, मेंटेनन्स १२ हजार आणि घरपट्टी ३ हजार गेली, तर वर्षाअखेर हातात ६७,५०० उरतात. एकूण २२ लाख ९५ हजारांच्या खर्चावर हे तीन टक्केसुद्धा होत नाहीत. कर्ज नऊ टक्क्यांचं आहे. दरमहा साडेआठ-नऊ हजार रुपये तुम्हालाच घालावे लागणार.

मग कोणी घ्यावंच का? तीन प्रकारच्या लोकांना हे गणित जमतं. पहिला, जो सध्या ९-१० हजार भाडं भरतोय आणि स्वतःच त्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहे. त्याचं वाचलेलं भाडं हीच त्याची कमाई, शिवाय त्यावर कर नाही. दुसरा, ज्याला गरजू विक्रेत्याकडून जागा खरोखर दोन-तीन लाख स्वस्त मिळतेय. तिसरा, जो एमआयडीसीजवळ फ्लॅट घेऊन दोन खोल्यांत चार-पाच कामगार मुलं माणशी भाड्याने ठेवतो. यात भाडं दीडपट होतं. पण पाण्याची मोटर, सोसायटीच्या कुरबुरी आणि रात्री अकराचे फोनही येतात. या तिघांत तुम्ही बसत नसाल तर फ्लॅटची घाई करू नका.

पायरी पहिली: बँकेच्या वहीत नाव चढवा

सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण, ३०० ते ९०० मध्ये असतो. ७५० च्या वर असेल तर बँकेतला माणूस खुर्ची पुढे करतो. ज्याने कधी कर्जच घेतलं नाही त्याच्या अहवालात स्कोअरच्या जागी उणे एक दिसतं. त्याला वाटतं आपण स्वच्छ आहोत. बँकेला वाटतं हा अनोळखी आहे.

सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. चारही काढा. नावाचं स्पेलिंग, जुना पत्ता, कधीच न घेतलेलं कर्ज, बंद करूनही ‘चालू’ दिसणारं कार्ड असं काही ना काही निघतंच. आणि जामीनदारी! चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या पतसंस्थेतल्या कर्जाला भिडेखातर केलेली सही तुमच्या अहवालात येऊ शकते. त्याचे हप्ते थकले असतील तर तुमची फाइल अडते. यावर उपाय एकच: ते कर्ज आधी नियमित करून घ्या.

कोरा अहवाल असेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. वीस-पंचवीस हजारांची ठेव ठेवली की बऱ्याच बँका देतात. त्यावर फक्त मोबाइलचं बिल आणि किराणा, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं. वर्षभरात बँकेला दाखवण्याजोगा स्कोअर उभा राहतो. जुनं कर्ज तडजोडीत मिटवलं असेल तर त्याच्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, आणि बँकवाल्यांना तो शब्द अजिबात आवडत नाही. शक्य असेल तर सोडलेली रक्कम भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्या आणि पत्र फाइलला लावा.

दुसरी बाब हप्त्यांची. बँक साधारणपणे हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून धरते. पगार ३८ हजार असेल तर १९ हजार. त्यात बाइकचा साडेतीन हजारांचा हप्ता चालू असेल तर गृहकर्जासाठी साडेपंधरा हजारच उरतात. वरच्या हिशेबाने ही बाइक जवळपास चार लाखांची कर्जपात्रता खाते. म्हणून गृहकर्जाच्या अर्जाआधी सहा महिने बाइक, मोबाइल, मिक्सर सगळे हप्ते फेडून टाका आणि नवीन काही घेऊ नका.

पायरी दुसरी: पैसे जमेपर्यंत रीट

सात लाख एका दिवसात जमत नाहीत. तोवर पैसे बचत खात्यात झोपवण्यापेक्षा निम्मे आवर्ती ठेवीत आणि थोडे रीटमध्ये टाकावेत असं माझं मत. रीट म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या ऑफिसांची आणि मॉलची मालकी असलेला, शेअर बाजारात नोंदलेला ट्रस्ट. भारतातला पहिला, एम्बसी ऑफिस पार्क्स, २०१९ मध्ये बाजारात आला. नंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आले. २०२३ मध्ये नेक्सस सिलेक्ट आला. नेक्ससच्या मालमत्तेत औंधचा वेस्टएंड आणि नवी मुंबईतला सीवूड्स मॉल आहे. डिमॅट खातं असेल तर एक युनिटसुद्धा घेता येतं; भाव शंभर ते काहीशे रुपये.

नियम असा की किमान ८० टक्के मालमत्ता बांधून झालेली आणि भाडं देणारी हवी, आणि वाटपायोग्य रोकडीतला किमान ९० टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो. युनिटचा भाव शेअरसारखा खालीवर होतो, त्यामुळे सहा महिन्यांत लागणारे पैसे इथे ठेवू नका. मला त्याचा खरा फायदा वेगळाच झाला. दर तिमाहीला त्यांचे अहवाल वाचताना रिकामी जागा, भाडेकराराची मुदत, देखभालीचा खर्च हे शब्द अंगवळणी पडले. मग स्वतःच्या फ्लॅटचा हिशेब मी भावनेने न करता त्याच भाषेत केला.

२०२४ पासून छोट्या रीटचीही सोय झाली आहे, पण तिथे किमान १० लाख लागतात. आपला तो मार्ग नाही. बँकांच्या लिलावातल्या जागा स्वस्त दिसतात, पण सरफेसी कायद्याखालच्या, म्हणजे थकलेल्या कर्जातली तारण जागा विकण्याच्या लिलावात बोली लागली की अनामत धरून २५ टक्के लगोलग आणि बाकी साधारण १५ दिवसांत भरावे लागतात. तेवढ्यात गृहकर्ज होणं कठीण, आणि आत माणूस राहत असेल तर त्याला काढण्याची कटकट तुमची. पहिल्या व्यवहाराला नको.

पायरी तिसरी: स्वस्त नको, स्वच्छ पाहा

पुण्याभोवतीच्या गावांत गुंठ्या-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती दिसतात. फ्लॅट १२ लाखांत. ‘बँक लोन नाही होणार, पण आमची फायनान्स कंपनी आहे ना,’ असं बिल्डरचा माणूस सांगतो आणि व्याज तेरा-चौदा टक्के. इथे थांबा. राष्ट्रीयीकृत बँक ज्या इमारतीला कर्ज देत नाही तिच्यात बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी झाल्याचा दाखला) किंवा जमिनीची मालकी यांपैकी काहीतरी लंगडं असतं. तुमचा पुढचा गिऱ्हाईकही बँकेचं कर्ज काढणाराच असणार. त्यालाही हेच उत्तर मिळेल. पैसेवाला माणूस असा धोका पचवू शकतो. आपल्याकडे सात लाख एकदाच आहेत.

कागद कुठले पाहायचे? फ्लॅट असेल तर विक्रेत्यापर्यंतची सगळी मूळ करारांची साखळी, म्हणजे बिल्डरकडून पहिला, पहिल्याकडून दुसरा, असे सगळे नोंदणीकृत करार. एक दुवा हरवला असेल तर बँक अडते. मग सूची क्रमांक २ (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा गोषवारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, घरपट्टी आणि वीजबिलाची पावती. सोसायटीच्या सेक्रेटरीला एक प्रश्न जरूर विचारा: कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करण्याचं काम, झालंय का? जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर पुनर्विकासाच्या वेळी गोंधळ होतो. बिल्डर सही देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याची सोय आहे, पण ती धावपळ कोणाला तरी करावी लागते.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च घ्या. बँकेचा वकील बँकेसाठी बघतो. आपला वेगळा असलेला बरा. पाच-सात हजार वाचवण्याची ही जागा नव्हे.

प्लॉटच घ्यायचा हट्ट असेल तर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. बसमध्ये बसण्याआधी काढा. भोगवटादार वर्ग १ आहे का? वर्ग २ असेल तर विकायला सरकारी परवानगी लागते. इतर हक्कात काय लिहिलंय? बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन आहे का? तुकडेबंदीच्या, म्हणजे जमिनीचे फार छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीच्या नियमांत अलीकडे बदल होत आले आहेत, म्हणून त्या गटातल्या एक-दोन गुंठ्यांचं खरेदीखत आज नोंदलं जाईल का हे दुय्यम निबंधक कार्यालयातच विचारून घ्या, एजंटला नको. नोटरीवर किंवा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर ‘खरेदी’ करून देणारे अजूनही भेटतात. अशाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर नंबर टाकून प्रकल्पाचं पान वाचा. जाहिरातीवर आता क्यूआर कोडही असतो. ताबा कधी, किती फ्लॅट विकले, जमिनीवर कोणाचं कर्ज, कोर्टात काय चालू आहे, सगळं तिथे असतं. नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. तरी माझा कल तयार, जुन्या फ्लॅटकडे. बांधकाम चालू असताना राहत्या घराचं भाडं आणि कर्जाचा हप्ता दोन्ही भरावे लागतात, वर ५ टक्के जीएसटी, किंवा परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. ताबा दोन वर्षं लांबला की कमी पगाराचा माणूस कोलमडतो.

पायरी चौथी: भाव, नाव आणि रोख

भाव पाडायचा असेल तर घाई असलेला विक्रेता शोधा: बदली झालेला, वाटणीत भाऊ अडलेले, मोठं घर बुक केलेला. सोसायटीचा वॉचमन आणि इस्त्रीवाला यांना हे एजंटच्या आधी कळतं. मला माझा फ्लॅट इस्त्रीवाल्याने सांगितला. दिवाळीला त्याला मिठाईचा पुडा गेला, आणि दलालीचे चाळीस हजार वाचले.

नाव कोणाचं लावायचं, हाही पैशाचाच प्रश्न आहे. महाराष्ट्रात राहत्या घराची खरेदी फक्त स्त्रीच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २० लाखांवर २० हजार. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास ती मिळत नाही. पत्नी किंवा आई मालक आणि तुम्ही सहकर्जदार, असं करता येतं. मात्र व्याजावरची करसवलत मालकालाच मिळते, म्हणून तुमचा कर किती बसतो हे आधी पाहा. पहिलंच घर असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांच्या आत असेल तर पंतप्रधान आवास योजना शहरी २.० मध्ये अर्ज करून बघा. घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान आहे, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. देशात कुठेही नावावर पक्कं घर नसावं ही अट आहे. गावाकडच्या घराच्या उताऱ्यावर तुमचं नाव असेल तर ते विसरू नका.

‘पंधरा चेकने, पाच रोख.’ हे वाक्य ऐकलं की उठायचं. स्थावराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही. शिवाय करार १५ लाखांचा झाला तर कर्जही १५ च्या ८० टक्केच मिळतं, १२ लाख, आणि ७ लाखांऐवजी तुम्हाला ११ लाखांच्या आसपास उभे करावे लागतात. वर रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेला दर जास्त असेल तर मुद्रांक शुल्क त्यावरच बसतं.

पायरी पाचवी: टोकन ते नोंदणी

टोकन चेकनेच द्या, आणि एका पानावर लिहून घ्या: किंमत, मुदत, आणि ‘कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कागदपत्रांत दोष निघाल्यास रक्कम १५ दिवसांत परत’. माझ्या ५१ हजारांच्या पावतीवर ही एक ओळ नव्हती. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेचं फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते) घ्या आणि तुमच्या कर्जाचा चेक आधी त्या बँकेच्याच नावे काढायला सांगा.

नोंदणीच्या दिवशी अर्धा दिवस जातो. आधीच्या रात्री मुद्रांक शुल्काच्या ई-चलनावरचं नाव आणि रक्कम पुन्हा तपासा. दोन साक्षीदार आधार कार्डासह, दोघंही वेळेवर येणारे निवडा. आमचा एक साक्षीदार ट्रॅफिकमध्ये अडकला, रांगेतला आमचा नंबर पुढे गेला आणि जेवणाची सुट्टी झाली. कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी सूची २ ची कच्ची प्रत स्क्रीनवर दाखवतात, तेव्हा लाजू नका, ओळ न् ओळ वाचा. फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, नावाचं स्पेलिंग. आमच्या प्रतीत ‘तिसरा मजला’ऐवजी ‘दुसरा’ होतं. तिथेच दुरुस्त झालं म्हणून बरं, नाहीतर चूक दुरुस्ती पत्र करून पुन्हा तीच रांग.

भाडेकरू ठेवताना

भाडेकरार तोंडी किंवा नोटरीवर नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी आहे. खर्च फार नाही. ११ महिन्यांचं ७,५०० भाडं आणि २० हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक शुल्क दोन-अडीचशे रुपयांच्या घरात, नोंदणी फी शहरी भागात १,०००. घरबसल्या अंगठा घेऊन ऑनलाइन करणारे आता गल्लोगल्ली आहेत. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्या. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटी बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावू शकते. दुप्पट मेंटेनन्सची पावती आली तर हा नियम लेखी दाखवा, बहुतेक वेळा सेक्रेटरी गप्प बसतो.

आयकरात भाड्यातून घरपट्टी वजा जाते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट, आणि मग व्याज. पण नव्या कररचनेत राहिलेला तोटा पगारातून वजा होत नाही, हे धरूनच हिशेब करा.

ताबा मिळाल्यावर महिन्याभरात वीजमीटर आणि घरपट्टीवर नाव बदलून घ्या, सोसायटीच्या सभेत शेअर सर्टिफिकेटवर नोंद करवून घ्या. आणि सहा हप्त्यांचे, म्हणजे वरच्या हिशेबाने ८६ हजार, वेगळ्या खात्यात टाका. माझा पहिला भाडेकरू चौथ्याच महिन्यात कंपनीचं काँट्रॅक्ट संपलं म्हणून किल्ली देऊन गेला. दुसरा मिळायला दोन महिने नऊ दिवस लागले, आणि तोवरचे हप्ते त्याच खात्यातून गेले.